साधारण म्हंजे किती?

आप्पांच्या दुकानात 'साधारण' हा शब्द काढायची सोय नव्हती. "आप्पा, रेकॉर्ड साधारण अर्धी झाली की आवाज फाटतो बघा," असं कुणी म्हणालं की ते हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवत, चष्म्यावरून त्या माणसाकडं बघत आणि विचारत, "साधारण म्हंजे किती?" मग सदऱ्याच्या वरच्या खिशातून सहा इंची पोलादी पट्टी निघायची. पट्टीवरचे आकडे अंगठ्यानं घासून पुसले गेले होते, रेषा तेवढ्या शाबूत होत्या. आकडे दिसत नाहीत, नवी घ्या की, असं मी एकदा म्हणाले. "कशाला? रेघा मोजता येत्यात की," म्हणाले.

दुकान नळदुर्गात, सोलापूर-हैदराबाद रस्त्याला अगदी चिकटून. एका अंगाला पंक्चरवाला, दुसऱ्या अंगाला चहाचा गाडा, आणि समोरून दिवसभर ट्रक. रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करायला याच्याइतकी वाईट जागा अख्ख्या जिल्ह्यात सापडली नसती. ट्रक गेला की टेबल हलतं, टेबल हललं की सुई थरथरते. आप्पांनी त्यावर तोडगा काढला होता. टेबलावर सायकलच्या चार ट्यूबा, त्यांच्यावर शहाबादी फरशी आणि फरशीवर मशीन. ट्यूबांत हवा अर्धवट भरलेली असते, असं मी कुणाला तरी त्यांच्यादेखत सांगून बसले.

"अर्धवट न्हाय बाई," मागून आवाज आला. "एकोणीस पंप."

नाव मल्लिकार्जुन, पण हे नाव फक्त लाइट बिलावर. सगळ्या गावाचे ते आप्पा. घरात बायकोशी कानडी बोलायचे, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि मशीनशी बोलायला त्यांनी हैदराबादी भाषा राखून ठेवली होती. सुई रेकॉर्डवर टेकवताना पुटपुटायचे, "बैठ माँ, सीधी बैठ, कायकू तरास देती?" तरुणपणी लग्नाकार्यात लाउडस्पीकर लावायचे. रेकॉर्डी गेल्या, कॅसेटी आल्या आणि गेल्या, मग आप्पा मिक्सर आणि पंखे दुरुस्त करत बसले. अलीकडं शहरातल्या लोकांना पुन्हा रेकॉर्डींचं वेड लागलं, आणि सोलापूरच्या, पुण्याच्या गाड्या पंक्चरवाल्याला पत्ता विचारत त्यांच्या दारात उभ्या राहायला लागल्या.

मोजण्याचा नाद दुकानापुरता असता तर गंगव्वामावशींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, काही म्हटलं नसतं. पण मुलीच्या सोयरिकीत पाहुण्यांनी मुलाची उंची पाच फूट सात इंच सांगितली होती. आप्पांनी 'ह्या दारातनं जरा वाकून या बरं' असं म्हणत पोराला चौकटीपाशी उभं केलं आणि मागं गुपचूप पेन्सिलीची रेघ मारली. पाहुणे गेल्यावर पट्टी लावून जाहीर केलं, "पाच सहा."

"साकु, साकु," मावशी कपाळावर हात मारून म्हणाल्या. साकु म्हणजे पुरे. "एका इंचानं काय बिघडतंय वो?"

"काई बिघडत न्हाय. पोरगं चांगलं हाय. पण ठाऊक पायजे न्हवं."

लग्न झालं, मुलगी आळंदला सुखात आहे, आणि चौकटीवरची रेघ परवापर्यंत तशीच होती. फरक चालतो पण तो ठाऊक पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं असायचं.

मी इथल्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. एम.एस्सी.ला पहिली आले होते, हे मी लोकांना फार लवकर सांगते, तेव्हा इथंही सांगून टाकते. माझ्या वडिलांचा जुना प्लेअर दुरुस्तीला घेऊन मी आप्पांकडं गेले, आणि पहिल्याच दिवशी आमची जुंपली.

भांडणाचा मुद्दा सोपा आहे. रेकॉर्ड तयार करताना खोबणी कोरणारी सुई काठाकडून मध्याकडं सरळ रेषेत जाते. आपल्या घरच्या प्लेअरचा दांडा, ज्याला सगळे आर्म म्हणतात, तो मात्र एका टोकाला खिळलेला असतो, त्यामुळं त्याची सुई गोलाईत फिरते. म्हणून सुई खोबणीत अगदी सरळ अशी फक्त दोन ठिकाणी बसते. बाकी सगळीकडं ती किंचित तिरकी, आणि तिरकी झाली की आवाज फाटतो. ही दोन ठिकाणं कुठं असावीत, याचं गणित फार पूर्वी कुणी कुणी मांडून ठेवलेलं आहे. तशा खुणा छापलेले कागद इंटरनेटवर मिळतात. प्लेअरवर ठेवायचे, खुणेवर सुई टेकवायची आणि आर्मच्या टोकाचे दोन स्क्रू ढिले करून ती सरळ होईपर्यंत सरकवायची.

आप्पा कागद वापरत नव्हते. ते प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या रेकॉर्डी आणायला लावायचे. कुठं गाणं सुरू होतं आणि कुठं संपतं ते पट्टीनं मोजायचे, आणि त्यावरून ती दोन ठिकाणं ठरवायचे. सुईचा भार मोजायला त्यांच्याकडं पातळ पत्र्याची एक सी-सॉ होती आणि जुनं दोन पैशांचं नाणं होतं. ते सोनाराच्या काट्यावर जोखून आणलेलं, बरोब्बर एक ग्रॅम.

"आप्पा, याचं सूत्र आहे," मी म्हणाले. "दर वेळी नव्यानं मोजायची काय गरज?"

"सूत्र चूक न्हाय, बाई. त्यात आकडे कुणाचे घातले?"

"प्रमाण रेकॉर्डचे."

"आन ती परमाण रेकॉर्ड कुणाच्या घरी हाय?"

मी चिडले. मला चिडायला फार लागत नाही. पण आप्पांना हा वाद मनापासून आवडायचा. शनिवारी माझं सकाळचं कॉलेज सुटलं की ते चहा सांगून ठेवत, आणि मी खडू लागलेल्या हातांनी त्यांच्या वहीत आकृत्या काढत असे. अशी दोन वर्षं गेली. खरं सांगायचं तर मला त्यांना एकदा हरवायचं होतं. अंगठ्यानं झिजलेली पट्टी घेऊन बसलेला नववी नापास म्हातारा दर शनिवारी मला निरुत्तर करतो, हे मला आतून सोसत नव्हतं. तेव्हा हे मी कबूल केलं नसतं.

मग सुशीलासिस्टरची रेकॉर्ड आली.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. अर्धं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं. त्यांचे वडील भजनात गायचे. सिस्टर दीड वर्षाच्या असताना ते कामानिमित्त हैदराबादला गेले होते, तिथं एका दुकानात माणसाचा आवाज तिथल्या तिथं तबकडीवर कोरून द्यायचं मशीन होतं. वडिलांनी लेकीसाठी एक पाळणा म्हटला आणि शेवटी तिचं नाव घेऊन हाक मारली. पुढच्या वर्षी ते वारले. दुकानदारानं बजावलं होतं की ही तबकडी नाजूक आहे, चावीच्या फोनोवर लावली तर लोखंडी टाचणी सगळं खरवडून काढील. म्हणून आईनं ती कधीच वाजवू दिली नाही. लुगड्याच्या घडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवली, ती सत्तर वर्षं तिथंच.

"आई सांगायची, शेवटाला तुझं नाव घेतलंय," सिस्टर दुकानातल्या स्टुलावर बसून म्हणाल्या. "मला त्यांचा आवाज आठवत नाही, आप्पा. एकदा त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकायचंय. मग फुटली तरी चालंल."

आप्पांनी तबकडी भिंगाखाली धरली. पत्र्यावर काळा लेप होता, आणि काठाला त्याचे पोपडे निघायला लागले होते. पोपडे कुठवर आलेत ते पट्टीनं मोजलं. मग म्हणाले, "एकदाच वाजंल, सिस्टर. दुसऱ्यांदाचं मला सांगता येत न्हाय."

पुढचा महिनाभर आप्पांनी दुसरं काम हातात घेतलं नाही. जुन्या रेकॉर्डींची जाड सुई पुण्याहून मागवली. तबकडीला सुई न लावता नुसत्या भिंगानं आणि पट्टीनं त्यांनी खोबणी मोजली. ती नेहमीच्या रेकॉर्डीपेक्षा फार आत, पार मधल्या लेबलच्या कागदाला भिडेपर्यंत गेलेली. "नाव आखरीला हाय," ते मला म्हणाले, "तर सुई आखरीला सरळ पायजे. सुरवातीला वाईच खरखरलं तर खरखरू दे." भारही त्यांनी सुईच्या डबीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त ठेवला. लेप उंचसखल झालाय, हलकी सुई उडेल आणि उडालेली सुई लेप खाईल, असं त्यांचं म्हणणं.

ते मला पटलं नाही. नाजूक वस्तूवर जास्त भार? आणि दोन्ही खुणा एवढ्या आत? मी घरी येऊन गणित मांडलं, कागद शोधला, चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतला आणि पर्समध्ये ठेवला.

ठरल्या दिवशी सकाळी आप्पा म्हणाले, "बाई, जरा दुकानात बसा. म्या अंघोळ करून पूजा उरकून येतो. आज तसाच बसणार न्हाय." ते मागं घरात गेले. सिस्टर अजून यायच्या होत्या.

मी कागद काढला. प्लेअरवर ठेवला. सुई दोन्ही खुणांवर ढळढळीत तिरकी दिसत होती. आप्पांचं वय झालं, असं माझ्या मनात आलं, आणि ते वाटून मला वाईट वाटण्याऐवजी बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण बरंच वाटलं. मी दोन्ही स्क्रू ढिले केले, सुई खुणेवर सरळ होईपर्यंत पुढं सरकवली आणि स्क्रू आवळले. सुई पुढं गेली तसा भार वाढला, म्हणून मागचं वजन फिरवून तो डबीवरच्या आकड्याइतका केला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. तबकडी स्वच्छ वाजली की मग हळूच सांगायचं असं मी ठरवलं होतं. आप्पांचा चेहरा कसा होईल, तेही मी मनात बघून घेतलं.

आप्पा आले, कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात धुतलेला सदरा. सिस्टर आल्या होत्या, मोबाइल हातात, रेकॉर्डिंगचं बटण मी त्यांना दोनदा दाखवलेलं. आप्पांनी मशीनपाशी बसून पट्टीसाठी खिशाला हात लावला. पट्टी जुन्या सदऱ्यात राहिली होती. ते उठायला लागले, आणि मग माझ्याकडं बघून थांबले.

"बाई, ह्याला कुणी हात लावला न्हाय न्हवं?"

मी म्हणाले, "नाही."

ते परत खाली बसले. ज्या माणसानं जावयाची उंचीसुद्धा दुसऱ्याच्या सांगण्यावर घेतली नाही, त्यानं माझ्या एका शब्दावर मोजायचं सोडून दिलं.

एक ट्रक जाऊ दिला. मग सुई टेकवली. "बैठ माँ." खरखर झाली, आणि त्या खरखरीतून एका तरुण माणसाचा आवाज वर आला. पाळणा होता. आवाज पातळ पण स्वच्छ, लांबून कुणी हाक मारावी तसा. सिस्टरनी तोंडावर पदर धरला. मी आप्पांकडं बघत होते, आणि देवाशपथ, मला वाटलं की मी जिंकले. दोन कडवी झाली. सुई आत आत जायला लागली तसा आवाज घोगरा झाला, मग चिरकायला लागला. आप्पांची मान झटकन वर झाली. त्यांचा हात आर्मपर्यंत पोचायच्या आत सुई उडाली, कर्र करत घसरत मधल्या कागदावर जाऊन थडकली. सुईला काळ्या लेपाचा दोऱ्यासारखा तंतू गुंडाळलेला होता.

"नाव?" सिस्टर म्हणाल्या. "आप्पा, नाव कुठंय?"

आप्पांनी भिंग घेतलं. तबकडी बघितली. मग आर्मचं टोक बघितलं. पितळी स्क्रूंवर माझ्या ड्रायव्हरचे ताजे ओरखडे होते, ते मलासुद्धा दिसत होते. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. नजरेत राग असता तर बरं झालं असतं. मग ते सिस्टरकडं वळले, दोन्ही हात जोडले.

"सिस्टर, माझ्या हातनं चुकलं. म्या मोजाया पायजे हुतं."

मी तिथं उभी होते. तोंड माझं, जीभ माझी. वर्गात शंभर पोरांना गप्प करणारी मी. एक शब्द निघाला नाही.

आठवड्यानं माझ्या आकृत्यांची ती वही आप्पांनी पंक्चरवाल्याच्या हाती कॉलेजात पाठवून दिली. वहीत तो कागद होता. मी तो गडबडीत फरशीखाली सरकवून विसरले होते. कागदाच्या तळाशी एक रेघ छापलेली असते आणि बाजूला लिहिलेलं असतं की ही रेघ शंभर मिलिमीटर भरते का ते आधी तपासा. त्या रेघेखाली पेन्सिलीनं, लहान अक्षरात, आप्पांनी लिहिलं होतं: ९६. बाकी काही नाही. झेरॉक्सवाल्याच्या मशीननं कागदावर मावावं म्हणून सगळं आपोआप थोडं लहान करून छापलं होतं. म्हणजे आप्पांच्या हिशेबानं तर मी चुकलेच होते, माझ्या स्वतःच्या सिद्धांतानंसुद्धा चुकले होते. दरवर्षी जूनमध्ये माझा पहिला तास असतो, 'मोजण्याआधी उपकरणातली चूक तपासा.' तो तास मी त्या वर्षी घेतला नाही. पोरांना सांगितलं, घसा बसलाय.

सिस्टर वाईट बाई नाहीत. पण दुःख झालेलं माणूस बोलतं, आणि त्यांचं सगळं गाव ऐकतं. 'आप्पाच्या हातून माझ्या बापाची हाक गेली' हे बाजारात, दवाखान्यात, माझ्या स्टाफरूममध्येही ऐकू आलं. "म्हाताऱ्याचा हात थरथरतो म्हणे," एक सर म्हणाले. मी वह्या तपासत राहिले. पुण्याच्या गाड्या हळूहळू थांबल्या. आप्पा परत मिक्सरवर आले, मग मिक्सरही येईनात. शनिवारी मी दुसऱ्या रस्त्यानं घरी जायला लागले. गंगव्वामावशी वारल्या तेव्हा मी भेटायला गेले, दहा मिनिटं बसले आणि हवापाण्याचं बोलून उठले.

दुकान बंद करून ते मुलीकडं आळंदला निघाल्याचं मला चहाच्या गाड्यावर कळलं. मी तास सोडून स्टँडवर गेले. आप्पा बाकावर बसले होते, पायाशी एक ट्रंक आणि गोणपाटात बांधलेली ती शहाबादी फरशी. कंडक्टरशी फरशीवरून वाद घालून झालेला दिसत होता.

"या बाई," म्हणाले, जणू शनिवार होता.

मी बसले नाही. उभ्या उभ्याच म्हणाले, "आप्पा, त्या दिवशी तुम्ही विचारलंत आणि मी नाही म्हणाले."

"ठाऊक हाय."

"मग तुम्ही सिस्टरना सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. माझी हुती तेवढी सांगितली."

"तुमची कसली चूक, आप्पा?"

"मोजायचं सोडून इचारलं. ती माझी." ते खिशात काहीतरी चाचपत होते. "तुमची तुमच्यापाशी हाय. ती म्या कशी सांगणार?"

टोमणा नव्हता तो. पाच फूट सहा म्हणताना जो सूर होता, तोच. त्यांनी खिशातून पोलादी पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. "वर्गात लागंल. माझी नजर आता तिथवर पोचत न्हाय." मी रडायला लागले. स्टँडवर, पोरांच्या आयाबाया बघत असताना. आप्पांनी मला रडू दिलं, 'असू द्या' म्हणाले नाहीत.

गाडी लागली. मी एका बाजूनं फरशी धरली, कंडक्टरनं दुसऱ्या. आप्पा खिडकीपाशी बसले आणि काच सरकवून बाहेर वाकले.

"बाई, सिस्टरचं घर हितनं किती हाय?"

"जवळच आहे," मी डोळे पुसत म्हणाले. "साधारण..."

जीभ चावली, पण उशीर झाला होता. आप्पा हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होते. गाडी हलली, आणि त्या आवाजातही मला त्यांचं ते नेहमीचं ऐकू आलं, "साधारण म्हंजे किती?" मग गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. आप्पा मला दिसले ते शेवटचे. पुढच्या उन्हाळ्यात ते आळंदलाच वारले.

स्टँडपासून सिस्टरच्या दारापर्यंत सहाशे अठरा पावलं आहेत. मी ती अकरा वेळा मोजली आहेत. पर्समध्ये तो कागद असतो आणि पट्टी असते. काल पुन्हा गेले. सिस्टर ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"काय बाई, इकडं कुठं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "सहज."